मुळशी-ताम्हिणी भागातल्या एकाच रानवाटेवर वर्षभर नोंदी कशा ठेवाव्यात?

कोरीवही यांनी विचारलं:

मुळशी-ताम्हिणीकडच्या एका रानवाटेवर बारा महिने झाडं, पाखरं आणि जनावरांच्या खुणा यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत. वाट साधारण दोन किलोमीटरची. सुरुवातीचा निम्मा भाग पानगळीचा: ऐन, किंजळ, सावर, पळस, मध्ये मध्ये कोशिंब. मग ओढ्याकाठचा दाट हिरवा पट्टा: अंजनी, जांभूळ, उंबर. शेवटाला छोटी देवराई. आठवड्यातून एक सकाळ, तीन तास मिळतील. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आहे, मोठ्या लेन्सचा कॅमेरा नाही.

नेमकं विचारायचं ते असं. झाडं किती आणि कुठली धरावीत? पानं झडल्यावर ओळखायची कशी? प्रत्येक फेरीत काय लिहायचं? पावसाळ्यात हे सगळं बंद ठेवावं लागतं का? आणि नोंदी मराठी महिन्यांनी ठेवल्या तर चालतील का? चैत्रपालवी, श्रावणातला तेरडा, हे असंच डोक्यात बसलेलं असतं म्हणून विचारतोय.

---

ऐनसाल:

आधी झाडांचं सांगतो, कारण पाखरं आणि जनावरं त्यांच्याच मागे फिरतात.

दोन किलोमीटरला पंधरा ते अठरा झाडं पुरेत. जास्त धरलीत तर मार्चमध्ये, म्हणजे ऐन घाईच्या दिवसांत, वही अर्धवट राहते. पाच-सहा जाती निवडा आणि प्रत्येकीची तीन झाडं धरा. एकच झाड धरलं तर त्याचा स्वभाव आणि जातीचा स्वभाव वेगळा काढता येत नाही. शेजारी शेजारी उभ्या दोन सावरींत फुलण्याला पंधरा दिवसांचं अंतर सहज पडतं. तुमच्या वाटेवर सावर, पळस, ऐन, किंजळ, कोशिंब आणि उंबर एवढं धरा. अंजनी आणि जांभूळ दुसऱ्या वर्षी. दाट पट्ट्यात खालून शेंडा दिसत नाही, त्याला वेगळी युक्ती लागते, ती पुढे सांगतो.

झाडावर खिळा, रंग, पत्र्याचा बिल्ला काहीही नको. अभयारण्यात तो गुन्हाच आहे, बाहेरही सालीला जखम होते ती होतेच. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, दाट छत्राखाली तो दहा-पंधरा मीटर सहज चुकतो. त्यापेक्षा वहीत लिहा: ‘दुसऱ्या ओढ्यानंतर डाव्या हाताला, वाटेपासून सहा पावलं, बुंध्याला उजवीकडे गाठ.’ सोबत खोडाचा एक आणि पूर्ण झाडाचा एक फोटो. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, घेर मोजून ठेवा. पुढच्या वर्षी ‘हेच का ते’ असा वाद झाला तर घेरावरून लगेच मिटतो.

प्रत्येक झाडासमोर सात रकाने: कोवळी पानं, जून पानं, पिवळी पडून गळणारी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. आकडे तीनच. नसेल तर 0, झाडाच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर 1, त्याहून जास्त असेल तर 2. टक्केवारीच्या भानगडीत पडू नका. ‘चाळीस टक्के फुलं’ हे दोन माणसं दोन तऱ्हेने लिहितात.

आणि शून्य लिहायचंच. निम्म्या वह्या इथेच वाया जातात. 12 फेब्रुवारीला पळस फुललेला दिसला एवढंच लिहिलं, तर तो कधी फुलला ते कळत नाही. 5 फेब्रुवारीला कळ्या 1, फुलं 0 असं लिहिलेलं असेल तर फूल त्या सात दिवसांत उमललं हे पक्कं होतं. रिकामा रकाना म्हणजे ‘पाहिलं नाही’ आणि शून्य म्हणजे ‘पाहिलं, नव्हतं’. दोन्हीत फार फरक आहे.

आता पानं झडल्यावरची ओळख. ऐन सर्वात सोपा: काळपट करडी, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली साल. शंका वाटली तर खाली पडलेलं पान उलटून मधल्या शिरेवर देठाजवळ पाहा, बारीक गाठींची जोडी सापडते. पंखांच्या कोरड्या फळांचा सडाही असतो. ऐनाच्या फळाला पाच पंख. सावर आणि पांगारा यांत घोळ होतो, दोघांनाही काटे. सावरीचे काटे बुडाशी जाड, शंकूसारखे आणि फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने आडव्या निघालेल्या. पांगाऱ्याचे काटे बारीक आणि काळे. म्हाताऱ्या सावरीच्या बुंध्यावर काटे राहत नाहीत, तेव्हा वरच्या फांद्या पाहा. पळस वेडावाकडा, आणि शेंगा जुन्या असल्या तरी झाडाखाली सापडतात. तळाशी चपट्या, टोकाला एकच बी.

रंगाने फसवणारी झाडं तीन. कोशिंब मार्चमध्ये लालभडक दिसतो ती फुलं नव्हेत, कोवळी पालवी आहे. हा रंग आठ-दहा दिवसांत तांबूस होऊन हिरव्यात जातो, म्हणून मार्चमधली एक फेरी बुडाली तर तो वर्षासाठी गेला. त्याची खरी फुलं बारीक, पिवळट हिरवी, दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. दुसरा किंजळ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोंगरउतार तांबूस तपकिरी दिसतो आणि लोक ‘पानं रंगली’ म्हणतात. ती किंजळाची फळं असतात, फुलं त्याआधीच येऊन गेलेली असतात. तिसरी उक्षी. ही वेल फेब्रुवारी ते एप्रिल भलत्याच झाडाच्या डोक्यावर फिकट हिरव्या-पांढऱ्या फुलांचा ढीग घालते आणि खालचं झाड फुललं असं वहीत जातं. फूल नेमकं कुठल्या फांदीला लागलंय ते दुर्बिणीने पाहिल्याशिवाय 1 लिहू नका. बांडगुळाचंही तेच.

उंबराला फुलांचा रकाना धरूच नका. फुलं फळाच्या आतच असतात, त्यामुळे कच्चं आणि पिकलं एवढंच लिहायचं. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि तीन झाडं तीन वेळी. आसपासचं बाकी सगळं रिकामं असताना एक उंबर पिकला की हरियल, तांबट, धनेश, माकडं तिथेच. म्हणून ते झाड वहीत तारखेसकट हवंच.

---

पहाटवारी:

वर झाडांचं सविस्तर आलंय, पाखरांबद्दल लिहितो.

तीन तासांत चालत चालत यादी करण्यापेक्षा वाटेवर पाच थांबे ठरवा, सुमारे चारशे मीटरवर एक. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं मोजू नका, तुमच्या येण्याने झालेली गडबड तोवर शमते. जे दिसलं त्यापुढे ‘दि’, नुसतं ऐकलं त्यापुढे ‘ऐ’. हा फरक नंतर लावता येत नाही. घड्याळाची वेळ धरू नका, सूर्योदयापासूनची धरा. जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढे, जूनमध्ये सहाच्या आसपास. दोन्ही महिन्यांत साडेसातला पोचलात तर जूनच्या वहीत पाखरं ‘कमी’ दिसणारच.

ऋतूंची मोठी गल्लत आवाजामुळे होते. पावशा मार्चपासून पावसाळाभर ओरडतो आणि थंडीत चिडीचूप असतो. तांबटाची टुकटुक उन्हाळ्यात दिवसभर, डिसेंबरात क्वचित. म्हणून थंडीतल्या यादीत ही नावं नसली तर ‘निघून गेले’ असं लिहू नका, बहुतेक वेळा ते तिथेच गप्प बसलेले असतात. खरे येणारे-जाणारे वेगळे. नवरंग मे अखेर-जूनमध्ये येतो, पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ येते, पावसाळ्यात इथे वीण करून थंडीला दक्षिणेकडे जातो. करडा धोबी उलट दिशेचा, सप्टेंबरमध्ये ओढ्याच्या दगडांवर शेपटी हलवताना दिसू लागतो. हिवाळी पाहुण्यांत तो बहुधा पहिला. मागोमाग पर्णवटवट्ये आणि निलांग. या दोन्ही टोकांच्या तारखा, म्हणजे पहिल्यांदा दिसलेला आणि शेवटचा दिसलेला दिवस, सर्वात मोलाच्या. शेवटची तारीख लोक लिहितच नाहीत, कारण शेवटचं आहे हे त्या दिवशी कळत नाही. उपाय एकच, दर फेरीला पूर्ण यादी.

ओढ्याजवळचा थांबा जूननंतर तीस-चाळीस मीटर वर सरकवा. पाण्याच्या आवाजात शीळकरी कस्तूर सोडून काही ऐकू येत नाही. मात्र जागा बदलल्याची नोंद करा आणि वर्षानुवर्षं पावसाळ्यात तीच दुसरी जागा वापरा.

सावर फुललेली असताना एक फेरी वेगळी ठेवा. सूर्योदयापासून एक तास एकाच सावरीखाली बसायचं. कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, तांबट, खारी सगळे मधासाठी येतात. कोण मध पितं, कोण फूलच तोडतं (पोपट बहुतेक हेच करतात), कोण कोणाला हाकलतं, हे लिहा. नुसत्या जातींच्या यादीपेक्षा हे कितीतरी कामाचं.

ढोलीतल्या घरट्याबद्दल एक विनंती. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून चारा देतो. नर खालच्या माणसाला बिचकून परतला तर आतल्यांचा घास चुकतो. घरटं सापडलं तर लांबूनच पाहा, दहा मिनिटांत निघा आणि जागा ग्रुपवर टाकू नका.

---

नक्षत्रवही:

मराठी महिन्यांवर नोंदी ठेवू नका. झाडं सूर्याच्या हिशोबाने चालतात, आपले महिने चंद्राच्या. अधिक महिना आला की सगळं सरकतं. 2026 चा पाडवा 19 मार्चला आणि 2027 चा 7 एप्रिलला. कोशिंबाची पालवी पाडव्याच्या हिशोबाने मोजली तर ती 2027 मध्ये ‘एकोणीस दिवस लवकर’ आली असं दिसेल, आणि झाडाने काहीच वेगळं केलेलं नसेल. 2026 ला तर ज्येष्ठच अधिक आहे, 17 मे ते 15 जून. काजवे, मृगाचे किडे, शेवळं सगळं त्यातच.

पण शेतकरी धरतात ती पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत, ती दरवर्षी त्याच तारखांना येतात. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जून, आर्द्रा 21-22 जून, मघा ऑगस्टच्या मध्याला, हस्त 27 सप्टेंबरच्या आसपास. इंग्रजी तारीख मुख्य ठेवा आणि शेजारी नक्षत्र लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना याचा फार उपयोग होतो. ‘आर्द्रात यायचं ते आता मृगातच येतंय’ हे वाक्य तुमच्या वहीशी थेट ताडून बघता येतं.

---

भिजकी पाटी:

पावसाळ्यात बंद? उलट जमिनीवरचं सगळं तेव्हाच. फक्त पद्धत बदलायची.

झाडांची फेरी दर पंधरा दिवसांनी केली तरी चालेल, जमिनीवरच्या झुडुपांची मात्र दर आठवड्याला. वाटेकडेला एक मीटर बाय एक मीटरचे सहा चौकोन ठरवा: दोन उघड्या कातळाजवळ, दोन झाडांखाली, दोन ओढ्याकाठी. दोरीचा चौकोन प्रत्येक वेळी घालायचा आणि उचलून आणायचा, तिथे काही पुरून ठेवायचं नाही. चौकोनातली जात, कोंब की फूल की बी, एवढंच. वर्षभराच्या वहीत जून ते ऑक्टोबरची पानं सर्वात जाड होतात ती यामुळेच.

क्रम साधारण असा लागतो. पहिल्या वळवाच्या सरींनंतर शेवळं वर येतात, आधी फुलोरा आणि पान नंतर. फुलोरा आणि पान एकत्र दिसत नाहीत म्हणून ही एकच वनस्पती आहे हे पहिल्या वर्षी कळत नाही. त्यासाठी चौकोन हवा. त्याच दिवसांत मखमली लाल मृगाचे किडे. पाय मोजा, आठ आहेत, म्हणजे कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतावळ्यातले. काजवे मे अखेर ते जूनचा मध्य आणि पाऊस जोरात लागला की संपतात. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेगळी फेरी लागते. बॅटरीवर लाल कागद, तीही जमिनीकडे, आणि फ्लॅश नाही. नर-मादी एकमेकांना उजेडावरूनच शोधतात, त्यामुळे गाडीचे दिवे लावून ठेवणं म्हणजे त्यांची सगळी रात्र वाया घालवणं. जुलैपासून तेरडा, रानहळद, कळलावी. ऑगस्ट-सप्टेंबरात उघड्या माथ्यावर सोनकी. मग गवतं फुलोऱ्यावर येतात आणि फुलपाखरांचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबर.

कारवीबद्दल कोणीतरी विचारेलच. ती आठ वर्षांनी सामूहिक फुलते, पण सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 ला फुलली, म्हणून तुमच्या वाटेवरही तेच वर्ष धरून चालू नका. एखाद-दुसरं झुडूप अवेळी फुलतं, त्याला ‘फुलली’ म्हणायचं नाही. उतारावरची बहुतेक झुडुपं फुलली तरच ते वर्ष. फुलून बी धरली की झुडूप मरतं, वाळलेल्या काड्या आणि बोंडं पुढच्या वर्षी उभी असतात. अशा वाळक्या काड्यांचं रान दिसलं तर गेल्या वर्षीचा बहर हुकला असं समजा आणि तिथून आठ मोजा.

सामानात पेन नको, पेन्सिल. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते, शिसं पसरत नाही. वही झिपच्या पिशवीत. दुर्बिणीच्या काचेवर आतून वाफ धरत असेल तर ती पावसाची नाही, त्यासाठी घरी डब्यात सिलिका जेल ठेवा. जळवांना मीठ, तंबाखू लावत बसू नका. लांब मोजे पँटच्या वर ओढले की बरंचसं काम होतं. चिकटलीच तर नखाने कडेने सरकवून काढा, ओढू नका. पाचोळ्यात आणि दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं आणि घोणस दोन्ही या पट्ट्यात आहेत. लाल इशाऱ्याच्या दिवशी घाटात जायचंच नाही, वहीत ‘फेरी नाही, अतिवृष्टी’ लिहा. तीही नोंदच.

---

कोरीवही:

फार उपयोगी. मी मराठी महिन्यांचा नाद सोडतो. दोन शंका राहिल्या. शेकरूची घरटी मोजून शेकरू किती आहेत ते सांगता येतं का? आणि दाट पट्ट्यातला शेंडा दिसत नाही त्याची युक्ती राहिली.

---

ठसेवाला:

घरट्यांवरून शेकरूंची संख्या काढता येत नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, काही झोपायला, काही पिल्लांसाठी, काही सोडून दिलेली. मोजायचीच असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीच्या झाडांवर ती उघडी पडतात तेव्हा. हिरव्या पानांचं म्हणजे ताजं, पूर्ण तपकिरी म्हणजे जुनं, एवढं लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाडांचे शेंडे एकमेकांना कुठे टेकतात आणि कुठे तुटतात ते पाहा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. वाट रुंद करताना वरचा पूल तुटला तर पलीकडची घरटी काही महिन्यांत जुनी पडतात.

बाकी जनावरं दिसण्याची वाट पाहू नका, खुणा वाचा. नोव्हेंबर ते मे वाटेवरच्या धुळीत ठसे चांगले उमटतात, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या चिखलात, पण रात्री पाऊस झाला असेल तर सकाळचं काहीच धरू नका. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे दिसतात. कुत्र्याची नखं उमटतात. तरसाचीही उमटतात, पण त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा. चिखलात ठसा पसरून मोठा होतो. आकारावरून वय-लिंग सांगायला जाऊ नका. फोटोत शेजारी पट्टी ठेवा आणि कॅमेरा बरोबर वरून धरा, तिरका फोटो मापाला निरुपयोगी.

दगडावर, ओंडक्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा उदमांजराची. बिया ओळखा: जांभूळ पिकण्याच्या दिवसांत जांभळाच्या, एरवी उंबराच्या. ऐनसाल यांचा ‘पिकली फळं’ रकाना आणि ही नोंद शेजारी ठेवलीत की कुठल्या आठवड्यात कोण काय खातंय ते दिसू लागतं. कुत्र्यासारखं एकसुरी भुंकणं रानातून आलं तर बहुतेक भेकर, आणि ते बहुधा कशाला तरी बिचकलेलं असतं. वेळ आणि दिशा लिहून ठेवा, शोधायला जाऊ नका.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा विचार असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर बसून राहणं टाळा. तुम्ही तिथे तीन तास बसलात तर तेवढा वेळ ते पाणी त्यांच्यासाठी बंद.

---

ऐनसाल:

राहिलेली युक्ती. दाट पट्ट्यात वर बघून मान मोडण्यापेक्षा खाली बघा. प्रत्येक ठरलेल्या झाडाखाली एक मोठी चादर पसरायची, वीस मिनिटं ठेवायची आणि काय पडलं ते मोजायचं. जांभळाच्या फुलांचे केसर, कोवळी पालवी, अर्धवट खाल्लेली फळं. वारा असेल तर तो लिहा, कारण वाऱ्याच्या दिवशी शेजारच्या झाडाचंही येतं. वेलींची फुलंही त्यात सापडतील, ती वेगळी काढा. अंजनी फारशी उंच नसते, तिची निळी-जांभळी फुलं फांद्यांनाच चिकटून येतात, फेब्रुवारीपासून तिच्या फांद्या नीट पाहा. चादर लागणार नाही. शिवाय समोरच्या उतारावर एक जागा ठरवून तिथून दर महिन्याच्या पहिल्या फेरीला पूर्ण पट्ट्याचा एक फोटो घ्या. मोबाइलचा झूम न वापरता, दरवेळी तोच दगड, तीच चौकट.

देवराईत चादर पसरण्याआधी गावात विचारा. बऱ्याच देवरायांत वाळकी काटकीही उचलत नाहीत, काही ठिकाणी वहाणा बाहेर. ती परवानगी पहिल्या फेरीच्या आधी घ्या. अभयारण्याची हद्द वाटेला कुठे लागते तेही वनरक्षकाकडून त्याच वेळी समजून घ्या, म्हणजे कुठे नुसतं पाहायचं आणि कुठे दोरीचा चौकोनही टाकायचा नाही ते ठरेल.

सुरुवात जूनमध्ये करू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. किंजळाची फळं झाडावर असतात, ऐनाची पानं अजून झडलेली नसतात, झाडं ओळखून घ्यायला दोन महिने मिळतात आणि फेब्रुवारी-मार्चची धांदल सुरू होईपर्यंत सात रकान्यांचा हात बसलेला असतो.